मचव्याच्या फळ्यांची गाडी

ती गाडी आम्ही हौसेनं बांधली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढं पेणपासून रोह्यापर्यंत लोकांनी तिचं फार कौतुक केलं. काय ही कल्पना, काय हे डोकं, असं पुष्कळ बोलले. मला त्याचा कंटाळा यायचा. डोकंबिकं काही नव्हतं. माझ्या बहिणीचा नवरा मुंबईला जाऊ नये, एवढ्यासाठी ती गाडी बांधली.

बहीण माझ्याहून बरीच मोठी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. तिला खाडीकाठच्या गावात दिलेलं. पेणपासून गाव तसं लांब नाही, पण शेवटचा रस्ता मिठागरांच्या बांधावरून, आणि भरतीच्या वेळी बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी. भावजी होड्या बांधणारे सुतार. होड्या म्हणजे एका माणसानं वल्हवायच्या नव्हेत, मीठ वाहणारे मोठे मचवे. त्यांच्या हातचा मचवा घ्यायला लोक थांबून राहायचे. मग खाडीवर पूल झाला, रस्ते झाले, मीठ ट्रकनं जायला लागलं. यात कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. मचवे चिखलात बसले ते बसले, आणि भावजी ओटीवर बसले.

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात दोनच माणसं, त्यातलं एक बोलायचं बंद झालं. बाय मिठागरावर कामाला जायची, परत यायची, तेव्हा भावजी सकाळी होते तिथंच. जेवायला हाक मारली तर जेवायचे. एका गणपतीत त्यांचा चुलतभाऊ मुंबईहून आला. तो कापडगिरणीत होता. म्हणाला, आमच्या फाटकावर वॉचमनची जागा होते आहे, शिमग्याला येईन तेव्हा बरोबर चला. भावजी म्हणाले, "बरं." कित्येक महिन्यांत त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द, असं बाय पुढं म्हणाली.

माझं गॅरेज पेणला, हमरस्त्याला लागून. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढं तेलानं काळी झालेली जमीन. गणपती गेले आणि बाय तिथं येऊन उभी राहिली. मी एका टॅक्सीच्या खाली होतो. ती खाली वाकली आणि तिथूनच बोलायला लागली.

"ह्ये मुंबैला जाणार म्हनतात."

"मग जाऊ दे की. पगार मिळेल."

"मेल्या, बाहेर ये आधी."

मी बाहेर आलो.

"ज्या माणसानं जन्मात कुणाच्या फाटकावर पाय ठेवला नाय, तो फाटकावर उभा ऱ्हाणार? त्या भावाच्या खोलीत आठ जणं झोपतात. मला नेणार नायत. ह्ये तिकडं, मी हिकडं. दोन वर्सांत संपतील ह्ये, मला ठावं हाय." एवढं बोलून तिनं पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हती, ऊन होतं. "तू मेकॅनिक हायस ना? कर कायतरी."

"मी गाड्या दुरुस्त करतो, बाय. माणसं नाही."

"मंग गाडी कर."

आणि मग तिनं गाडीच सांगितली. मी पुढं जे काही बांधलं ते तिनं त्या दिवशी उभ्या उभ्या सांगितलेलं, त्यात माझी भर फारशी नाही. मिठागरांच्या बांधावर मोठा ट्रक येत नाही. आला तर बांध खचतो, नाहीतर ट्रक रुततो. म्हणून बाया मिठाच्या राशीपासून डांबरी रस्त्यापर्यंत टोपल्या डोक्यावर नेतात, आणि वर ट्रकला फळी लावून चढतात. तर गाडी हवी अरुंद, हलकी आणि बुटकी. बाजूंच्या उंच फळ्या नकोत, नुसता सपाट पाट हवा, म्हणजे गोणी खांद्यावरून सरळ तिथं टेकवता येईल. आणि पाट लाकडाचा, कारण लोखंड मिठाला पुरत नाही.

"लाकडाचं काम ह्येंच्याकडून करून घे," ती म्हणाली. "पण मी सांगितलं असं बोलू नकोस."

शिमग्याला अजून अवकाश होता. मी हो म्हणालो. तिला नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. लहानपणी मार खाल्लेला आहे तिच्या हातचा.

नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा जिथं जे पडलेलं दिसेल ते उचलायचं, हीच पद्धत. चासी मिळाली ती लष्कराच्या लिलावातल्या एका लहान ट्रकची. पनवेलच्या एका माणसानं ती घेऊन ठेवली होती आणि तिच्यावर त्याची कोंबडी बसायची. इंजिन रोह्याचं. एका भातगिरणीवाल्यानं फार वर्षांपूर्वी जुन्या लॉरीचं इंजिन जमिनीत पक्कं करून त्यावर गिरणी चालवली होती. गावात वीज आली, मोटर बसली, इंजिन रिकामं झालं. ते इतकी वर्षं एका जागी उभं राहून चाललेलं, आणि त्याच्या कानाकोपऱ्यात भाताचा कोंडा बसला होता. मी ते तीनदा खोललं, धुतलं, पण पुढं कित्येक दिवस गाडी जोरात नेली की कुठून तरी कोंडा उडायचाच. गिअरबॉक्स आणि मागचा धुरा नागोठण्याच्या भंगारवाल्याकडचा. त्या वर्षी अंबा नदी त्याच्या आवारातून जाऊन आली होती, त्यामुळे गिअरबॉक्सचं झाकण काढलं तर आत दांत्यांच्या वर गुळगुळीत गाळ. भंगारवाला म्हणाला, गाळाचे पैसे लावत नाही. मोठा विनोदी माणूस.

केबिन नव्हतीच. ती मी लाकडी चौकट करून तेलाच्या पिंपांचा पत्रा ठोकून बनवली. पुढची काच एका पोहेवाल्याच्या कपाटाची. बसायला बंद पडलेल्या तंबू सिनेमातल्या तीन जोडखुर्च्या, पाय कापून. त्या खुर्च्या दुमडत्या होत्या आणि ब्रेक मारला की शेजारच्या माणसाची खुर्ची मिटायची. हे मी पुढं खिळा मारून बंद केलं, पण एकदोन जणांना प्रसाद मिळाल्यावर.

चासी गॅरेजमध्ये आल्यावर मी भावजींना निरोप धाडला, जरा मदत हवी आहे. ते आले. कोपऱ्यात उभे राहिले. मी वेल्डिंग करत होतो आणि मुद्दाम काही बोललो नाही. बऱ्याच वेळानं ते पुढं आले, बोटांच्या पेरांनी चासीवर ठोकत ठोकत टोकापर्यंत गेले आणि म्हणाले, "हितं कुजलंय. आन् हितं."

"लोखंड आहे ते भावजी. गंजलंय म्हणा."

"तेच ते," ते म्हणाले.

दोन्ही ठिकाणी त्यांचं बरोबर होतं. मी तिथं नव्या पट्ट्या लावल्या. दुसऱ्या दिवशी ते न बोलावता आले.

लाकडाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. त्यांनी बांधलेला शेवटचा मचवा खाडीच्या तोंडाशी चिखलात आडवा पडला होता. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, घेऊन जा, जळणाला कुणी नेण्यापेक्षा बरं. तो मचवा भावजींनी एकट्यानं सोडवला. रोज ओहोटी लागली की जायचे आणि भरती यायच्या आत परत. कुऱ्हाड लावली नाही. एकेक खिळा काढून, एकेक फळी सुटी करून, धुऊन, सावलीत वाळवून बैलगाडीनं गॅरेजला आणली. चांगला साग होता. मी बायला म्हटलं, "स्वतःचाच मचवा मोडताहेत, वाईट नाही वाटत त्यांना?" ती म्हणाली, "वाटत असंल. पन काल जेवताना म्हनाले, आमटीत मीठ कमी हाय. समजलं का तुला? मीठ कमी हाय म्हनाले!" आणि हसत सुटली. नवऱ्यानं आमटीला नावं ठेवली म्हणून एवढी खूश झालेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

पाट बांधताना भावजींना पाहणं हा एक सोहळा होता. मी माझं काम सोडून बघत बसायचो, आणि गिऱ्हाईकं बोंबलायची. त्यांनी पाट अगदी सपाट केला नाही. मधे किंचित खोलगट ठेवला, म्हणजे वळणावर गोणी आत कलतील, बाहेर पडणार नाहीत. चारी कडांना चार बोटं उंचीचा काठ उभा केला. फळ्या एकमेकींना अशा भिडवल्या की मधून पत्र्याचं पातं जाणार नाही, आणि तरी जी फट उरली तिच्यात कापसाची वात ठोकून वर राळेचा लेप दिला. शेवटी पाटात बादलीभर पाणी ओतलं आणि खाली गोणपाट अंथरून संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं. संध्याकाळी गोणपाट कोरडं. त्यांनी ते मला हातात दिलं, चाचपून बघ म्हणून. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

चूक तिथंच होती, आणि आम्ही दोघंही तिच्याकडे बघून हसत होतो. मचव्यात पाणी बाहेर असतं आणि ते आत येऊ द्यायचं नसतं. गाडीत पाणी आत असतं आणि ते बाहेर जायला हवं. ओलं मीठ गोणीतून ठिबकत राहतं. पण होड्या बांधण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं पाट बांधला तर तो पाणी धरणारच.

पासिंगला आलेल्या साहेबानं गाडीभोवती फेरी मारली, पुढं उभा राहिला, मागं उभा राहिला, आणि मला म्हणाला, "ही नक्की कुठल्या कंपनीची?" मी म्हटलं, "साहेब, बऱ्याच कंपन्यांची." त्यानं ब्रेक बघितले, दिवे बघितले, पाटावर चढून उड्या मारल्या. उतरताना म्हणाला, "वरचा भाग मात्र मजबूत आहे हो." भावजी दुसरीकडे बघत होते, पण ऐकलं त्यांनी.

मिठाचा हंगाम सुरू झाला आणि गाडी बांधावर गेली. बायनं नारळ फोडला. पहिली गोणी तिनं स्वतः ठेवली, आणि बाकीच्या बाया आरडाओरडा करत पुढं झाल्या. "गो, चढायला नाय लागत! बघ गो, हाताशी आलाय पाट!" त्यांना त्याचंच अप्रूप. मीठ रोह्याच्या एका व्यापाऱ्याकडे जायचं. गाडी मी चालवायचो, भावजी शेजारी. जाताना मी बोलायचो, येताना तेही बोलायला लागले. जोह्याच्या, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या एका कारखानदारानं गाडी पाहून विचारलंसुद्धा, गणपती न्यायला द्याल का, असा बुटका आणि गुळगुळीत पाट कुठं मिळत नाही. भावजी म्हणाले, "बघू पुढं." ‘पुढं’ म्हणाले, बघा. मी ते त्याच दिवशी बायच्या कानावर घातलं. तिनं फक्त मान हलवली. चुलतभावाला दिलेला शब्द भावजींनी अजून मागं घेतला नव्हता, आणि शिमगा जवळ येत होता.

मग खाऱ्या पाण्याचा खेळ सुरू झाला. गोण्यांतून ठिबकलेलं पाणी खोलगट पाटात साठायचं. चढ लागला की ते मागं जायचं, उतार लागला की सगळं पुढं धावून काठावरून केबिनच्या मागं ओतायचं. पहिल्या वेळी पत्र्याच्या फटीतून माझ्या मानेवर आलं. मी शिव्या घातल्या. भावजी शांतपणे म्हणाले, "उपसायला पायजे," आणि पुढच्या खेपेला खरोखर पत्र्याचा डबा घेऊन आले. नागोठण्याला चहाला थांबलो की हे पाटावर चढून, गोण्यांच्या फटीत हात घालून पाणी उपसणार आणि रस्त्याकडेला फेकणार. एस.टी.ची वाट बघणारी माणसं बघत राहायची. एकानं विचारलं, "गाडी बुडते काय हो?" मला हसू आलं, भावजींना नाही आलं.

मी मेकॅनिक. खारं पाणी लोखंडाचं काय करतं ते मला कुणी सांगायला नको. मी धुवायचो, ग्रीस थापायचो. पण केबिनच्या मागं, जिथं ते पाणी पडायचं, तिथून ब्रेकची नळी गेलेली, आणि ती न दिसणाऱ्या अंगानं गंजत चालली होती. शिमग्याच्या थोडं आधी, भिसे खिंडीच्या उतारावर मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय सरळ खाली गेला. गाडी भरलेली. मी गिअर पाडला, हातब्रेक ओढला, तो नुसता ओरडला. वळण आलं तेव्हा वळणाचा नाद सोडून मी गाडी डावीकडं घातली. बांध ओलांडून ती कापणी झालेल्या कोरड्या शेतात शिरली आणि ढेकळांत धडधडत जाऊन उभी राहिली. मी इतका घाबरलो होतो की दार कुठल्या बाजूला आहे तेही कळेना.

भावजी खाली उतरले आणि थेट पाटाकडे गेले. सांधे बोटांनी चाचपले, वाकून खालून बघितलं.

"फळी हलली नाय एक," ते म्हणाले.

"अहो, मेलो असतो आपण! फळी काय घेऊन बसलात?" मी ओरडलो. तेवढ्यात शेतकरी धावत आला. आम्ही जिवंत आहोत हे बघून झाल्यावर त्यानं पडलेल्या दोन गोण्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मीठ कसं काय लावलंय?"

गाडी ओढून पेणला आणली. मी नवी नळी घातली आणि भावजींना सरळ सांगितलं. पाटाला मधोमध भोकं पाडायची, खालून नळ्या लावायच्या, पाणी धुऱ्याच्या मागं रस्त्यावर जाईल. दुसरा इलाज नाही. असंच चालवली तर एक दिवस शेत आडवं येणार नाही, दरी येईल.

"नाय," ते म्हणाले.

मी समजावलं. मग चढ्या आवाजात समजावलं. मला समजावणं जमत नाही, थोड्याच वेळात मी भांडतो. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तळाच्या फळीत उघडं भोक ठेवीत नाय आमी. खिळ्यासाठी भोक पाडलं तर खिळा बसवल्याबिगर पानी प्यायलापन उठत नाय. माझा बापूस उठला नाय, मी उठलो नाय. उघडं भोक एकदाच पाडतात. मचवा बुडवायचा असंल तवा."

"पण हा मचवा नाहीये! ही गाडी आहे! चाकं दिसत नाहीत तुम्हाला?"

"फळ्या त्याच हायत," ते म्हणाले. आणि वर सांगितलं, "शिमगा झाला की मी जातोय. मंग गाडी तुझी. भोकं पाड, काय करायचं ते कर. मी हाय तवर नको."

झालं. ओटीवरून उठवून आणलेला माणूस पुन्हा ओटीवर जाऊन बसला. मला राग कुणाचा यावा तेच कळेना. गिरमिट माझ्या हाताशी होतं, भोकं मी कधीही पाडू शकलो असतो, पण ती पाडणं म्हणजे त्यांना हातानं एस.टी.त बसवणं. गाडी तशीच उभी राहिली, आणि मिठागरावर बाया पुन्हा टोपल्या वाहायला लागल्या.

शिमगा झाला. चुलतभाऊ परत निघाला तेव्हा त्याच्याबरोबर भावजी होते, वळकटी बांधून. मागून बाय. पेणच्या स्टँडवरून दुपारची मुंबईची गाडी होती. जायच्या आधी माझा निरोप घ्यायला सगळे गॅरेजवर आले. चुलतभाऊ गडबडीचा माणूस, सारखा घड्याळ बघणारा. तो जाऊन आमच्या गाडीच्या सिनेमाच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मस्त आहे रे बसायला!" भावजी शेडच्या खांबाला टेकून बसले. बाय गाडीपाशी उभी होती.

"हिला भोकं कवा पाडणार?" तिनं मला विचारलं.

"पाडीन. भावजी गेल्यावर."

"गेल्यावर कशाला?" ती म्हणाली. "कुठाय ते गिरमिट?"

तिनं फळीवरून गिरमिट उचललं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पाटावर चढली. भावजी म्हणाले, "काय करतंस गो?" ती म्हणाली, "मी सुतारीण नाय. मला पाप नाय." आणि मधोमध गुडघे टेकून तिनं गिरमिट लावलं.

भावजींनी तोंड फिरवलं. पाठ आमच्याकडे, नजर रस्त्यावर. चुलतभाऊ खुर्चीतून डोकं बाहेर काढून बघायला लागला. मी काय करावं? पुढं होऊन तिच्या हातातून ते घ्यावं असं एकदा वाटलं, पण तिच्या तोंडाकडे पाहून माझी हिंमत झाली नाही. पहिलं भोक तिनं कसंबसं आरपार नेलं. साग तो, सहज थोडाच जातो. तिला धाप लागली. दुसरं सुरू केलं तेव्हा गिरमिट कुरकुरायला लागलं.

"तिरपं चाललंय," भावजी म्हणाले. पाठ तशीच.

"चालू दे."

"फळी फाटंल गो."

"फाटू दे!" बाय एवढ्यानं ओरडली की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. "फाटू दे नायतर जळू दे! तुमी चाल्लाव मुंबैला, तुमाला काय करायचंय फळीचं? फाटकावर उभं ऱ्हाणार ना? ऱ्हावा उभं! फळीचं मी बघते, माझं मी बघते!"

आणि तशीच रडत, तशीच तिरपं दाबत राहिली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. मला फार वाईट वाटलं, आणि भावजींचा इतका संताप आला की हातात पाना होता तो मी दूर ठेवला.

भावजी उठले. चप्पल काढली. पाटावर चढले, तिच्याजवळ उकिडवे बसले आणि गिरमिटाच्या दांड्यावर तिच्या हातांच्या वर हात ठेवले. "सोड," म्हणाले. ती सोडेना. "सोड गो. रेषा बघून धरायचं. लाकडाची रेषा बघ, कुठं चाललीय." तिनं सोडलं, पण पाटावरून उतरली नाही, तिथंच बाजूला सरकून बसली. त्यांनी तिरपं गेलेलं गिरमिट हलक्या हातानं मागं घेतलं, सरळ केलं आणि भोक पूर्ण केलं. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. मग त्यांनी कडा तासल्या, आत पाणी अडू नये म्हणून. मग वीतभर पुढं सरकून अंगठ्यानं जागा चाचपली आणि तिसरं सुरू केलं.

चुलतभावानं घड्याळ बघितलं. "अहो, गाडी सुटेल ना."

भावजींनी मान वर केली नाही. "तू हो पुढं," ते म्हणाले.

तो खुर्चीतून उतरला. मग भावजींची वळकटी त्यानं शेडमध्ये आणून ठेवली आणि आपली पिशवी उचलून स्टँडकडे गेला. चांगला माणूस होता, रागावला नाही. त्या वेळी त्याची गाडी चुकली की मिळाली, मला माहीत नाही.

गाडी त्यानंतर पुष्कळ वर्षं चालली. मीठ नेलं, पेंढा नेला, जोह्याचे गणपती नेले. मी एकामागून एक इंजिनं बदलली, धुरा बदलला, पाट तोच राहिला. भावजींना मागून आणखी दोघा-तिघांनी तसेच पाट बांधायला सांगितले. त्यांनी बांधले, आणि प्रत्येकात आधी भोकं पाडली.

भावजी वारल्यावर, म्हणजे आता अलीकडे, बायला मी एकदा त्या दुपारची गोष्ट काढून विचारलं. इतकी वर्षं माझ्या मनात होतं की तिनं ते ठरवून केलं असणार. माणूस कसा उठवायचा ते तिला बरोबर ठाऊक असणार. म्हटलं, "खरं सांग बाय, गिरमिट मुद्दाम तिरपं धरलं होतंस ना?"



"मुद्दाम? अरे, मला जमतच नव्हतं," ती म्हणाली. "जमलं असतं तर सगळी भोकं मीच पाडली असती रागारागानं. आन् ह्ये गेले असते."